दोन मोबाइल, एकच कान

प्रश्न : टाकीची मोटर घरातून चालवता यावी म्हणून आर्डुइनो ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला दोन एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल जोडली आहेत. एक माझ्या मोबाइलसाठी, एक आईच्या. पाण्याची पातळी दोघांनाही दिसते, पण बटण फक्त आईचं चालतं. माझं मॉड्यूल बदललं, तरी तेच.
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नवं मॉड्यूल आणलंत ना? मीही आणलं होतं. गणपतीच्या आरासीतले दिवे दोन मोबाइलवरून चालवायचे होते. आदल्या रात्री एक मोबाइल मुका झाला, आणि मी सकाळी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात धावलो. मॉड्यूलमध्ये काही दोष नव्हताच. जुनं अजून खणात पडलंय.

उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पातळी तुमच्याही मोबाइलवर दिसते, म्हणजे ब्लूटूथची जोडणी ठीक आहे आणि ऊनो तुमच्याशी बोलतोही आहे. तो फक्त तुमचं ऐकत नाही. तुम्ही दोन्ही मॉड्यूल 'सॉफ्टवेअरसीरिअल'वर, म्हणजे साध्या पिनांना सीरिअल पोर्टचं (एकामागून एक बिट पाठवण्या-घेण्याचं) काम करायला लावणाऱ्या तयार लायब्ररीवर, घेतली असणार. या लायब्ररीतून दोन्हीकडे पाठवता येतं, पण ऐकू येतं एका वेळी एकीकडचंच. प्रोग्रॅममध्ये ज्याची 'बिगिन'ची, म्हणजे पोर्ट सुरू करण्याची, ओळ शेवटी, त्याचं. खात्री करायची तर त्या दोन ओळींची अदलाबदल करा. तुमचं बटण चालेल आणि आईचं बंद पडेल.

'लिसन' ही कान दुसऱ्या मॉड्यूलकडे वळवणारी आज्ञा वापरून आळीपाळीने ऐका, असं कुणीतरी सुचवेलच. पलीकडे दुसरा आर्डुइनो असता आणि आपण विचारल्यावरच तो बोलणार असता, तर चाललं असतं. माणूस वाटेल तेव्हा बटण दाबतो. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट या वेगाला, एक अक्षर साधारण १ मिलिसेकंदात येऊन जातं. त्या वेळी कान दुसरीकडे असला की ते गेलंच. शिवाय कान फिरवताना आधी साठलेलं न वाचलेलं काही असेल, तर तेही पुसलं जातं.

बिनपैशाचा उपाय आधी करा. ऊनोला एक खरा, हार्डवेअरचा सीरिअल पोर्ट आहे, ० आणि १ नंबरच्या पिनांवर. एक मॉड्यूल तिथे न्या, दुसरं सॉफ्टवेअरसीरिअलवरच राहू द्या. जाच एवढाच की यूएसबीही त्याच पिना वापरतं. प्रोग्रॅम चढवताना ० नंबरची वायर काढावी लागते, आणि सीरिअल मॉनिटरवर तपासणी करायची सोय जाते. मला हे फार वेळा जमत नाही. वायर काढायची विसरतो आणि अपलोड का होत नाही म्हणून चिडतो. तेव्हा पुढेमागे आणखी काही जोडायचं असेल तर सरळ आर्डुइनोचाच मोठा बोर्ड, मेगा २५६०, घ्या. त्यात असे चार पोर्ट आहेत. 'सीरिअल१' म्हणजे १८-१९ आणि 'सीरिअल२' म्हणजे १६-१७ या पिना वापरा, यूएसबी मोकळं राहील.

मॉड्यूलची आरएक्स पिन, म्हणजे ऐकणारी पिन, ३.३ व्होल्टची आहे, आर्डुइनो देतो ५. पत्रासोबतच्या आकृतीत वायर थेट गेलेली दिसते. मध्ये १ किलोओहम आणि आरएक्सपासून ग्राउंडला २ किलोओहम, एवढे दोन रेझिस्टर घाला.

आणि दोन्ही बटणं चालू लागली की नवा घोळ होईल. आई मोटर लावेल, तुम्ही बंद कराल. टाकी भरली की कुणाचंही न ऐकता मोटर बंद, ही अट प्रोग्रॅममध्ये आत्ताच घालून ठेवा.