गाजत असलेल्या नवख्या खेळाडूचं संग्रहाचं कार्ड (त्याचं चित्र छापलेलं) लगेच घ्यावं की थांबावं?

थांबा. निदान साधं, बेस कार्ड तरी घाईने घेऊ नका.

झायन विल्यमसन २०१९ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला निवडला गेला आणि त्याच्या पानिनी कंपनीच्या प्रिझ्म संचातल्या रूकी (पहिल्या हंगामाच्या) कार्डांवर लोक तुटून पडले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याचा पहिला सामना २२ जानेवारी २०२० ला झाला, पुढे २०२१-२२ चा अख्खा हंगाम पायाच्या दुखापतीत गेला. कार्डांचे भाव कोसळले. उलट निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा निवडला गेला, म्हणजे फारसा गाजला नव्हता, आणि नंतर तीनदा एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला!

दुसरं कारण पुरवठ्याचं. नवा संच येतो तेव्हा विक्रीला कार्डं थोडी असतात, म्हणून भाव चढलेले. मग पाकिटं फुटत जातात, ग्रेडिंगला (स्थिती तपासून गुण द्यायला) पाठवलेली कार्डं परत येतात आणि तेच कार्ड ढिगाने मिळू लागतं. पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये, म्हणजे कुठल्या कार्डाला किती वेळा कोणता ग्रेड मिळाला त्या यादीत, दहा या सर्वोच्च ग्रेडच्या कार्डांची संख्या कशी वाढते ते बघत राहा. हंगाम संपल्यावर भाव बहुतेकदा नरम असतात, खरेदी तेव्हा करा.

क्रमांक छापलेल्या मर्यादित कार्डांचं गणित मात्र वेगळं. असं कार्ड पुन्हा विक्रीला येईलच असं नाही, त्यामुळे खेळाडू मनापासून आवडत असेल आणि पैसे अडकले तरी चालणार असतील, तर घेऊन टाका.