व्हॅनमधला इन्व्हर्टर, काढलेली सीट आणि नाकारलेला क्लेम

प्रश्न : मी तासगावचा, लग्नाची शूटिंग करतो. ड्रोनच्या आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, लॅपटॉप चालत्या गाडीत चार्ज व्हावेत म्हणून माझ्या खाजगी पासिंगच्या सात सीटर व्हॅनमध्ये गेल्या वर्षी १,००० वॉटचा इन्व्हर्टर बसवून घेतला. सांगलीत शंभर फुटी रोडवरच्या एका फिटरने मागची सीट काढून तिथे फळी ठोकली आणि गाडीच्या बॅटरीपासून मागपर्यंत वायर ओढली. चार महिन्यांपूर्वी जतहून रात्री परतताना कवठेमहांकाळच्या पुढे गाडीत धूर झाला. पुढच्या सीटा, डॅशबोर्ड, सगळं जळालं. इन्व्हर्टरचा स्विच तेव्हा बंद होता. विमा कंपनीने नुकसान पाहायला पाठवलेला सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी येऊन फोटो काढून गेला. गाडीचं नुकसान २,३८,००० रुपये. गेल्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं : 'कलम ५२ चा भंग करून वाहनात अनधिकृत बदल केल्यामुळे दावा नामंजूर.' मित्र म्हणतो, सीट परत बसव आणि इन्व्हर्टर नुसता मागे ठेवलेला होता, जोडलेला नव्हता, असं लिहून दे. काय करू?

उत्तर : मित्राला चहा पाजा, पण कागद त्याच्या हातात देऊ नका. सर्व्हेअरच्या फोटोत ती फळी आहे, फळीवर इन्व्हर्टर आहे, वायर आहे. आता सीट बसवून खोटं लिहून दिलंत तर आज लढता येण्यासारखा असलेला क्लेम उद्या कुणालाच लढवता येणार नाही. विम्यात चूक एकवेळ खपते, लबाडी खपत नाही.

आता आरसी हातात घ्या आणि कंपनीचं पत्र शेजारी ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ थोडक्यात असं आहे : उत्पादकाने मुळात दिलेला आणि आरसीवर चढलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं आणि बेकायदा फेरफाराला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणजे कंपनीने कलम हवेतून काढलेलं नाही.

पण आरसीवर असतं काय? चॅसी नंबर, इंजिन नंबर, बॉडीचा प्रकार, इंधन, रंग, रिकाम्या गाडीचं वजन, आसनक्षमता. इन्व्हर्टर यात कुठेच बसत नाही. टेप, कॅमेरा, जादा दिवा, तसाच तो एक जोडलेला सामानाचा नग. नुसता इन्व्हर्टर बसवला म्हणून कलम ५२ मोडलं, हे मला पटत नाही आणि ग्राहक आयोगापुढे मी ते मान्य करणार नाही. दुखरी जागा वेगळी आहे. आरसीवर आसनक्षमता ७ आणि गाडीत सीटा ५. फिटरने फळी ठोकली तेव्हा त्याला ती सोय वाटली, तुम्हालाही वाटली. कायद्याच्या नजरेत फेरफार झाला तो तिथे. हे लपवायचं नाही, उलट आपणच आधी सांगायचं आणि लगेच विचारायचं : काढलेल्या सीटमुळे आग लागली का?

हा प्रश्न मी मनचा काढलेला नाही. ट्रकमध्ये परवान्यापेक्षा जास्त माणसं होती म्हणून विमा कंपनीने क्लेम नाकारला, तेव्हा १९९६ मध्ये बी. व्ही. नागराजू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं ते हेच, की त्या जादा माणसांनी अपघात घडवला का. २०१६ च्या लखमी चंद प्रकरणातही तोच धागा आहे : अटीचा भंग मूलभूत असला पाहिजे आणि अपघाताला कारण झाला पाहिजे. आणि समजा आयोगाला भंग ठळक वाटला, तरी २०१० च्या अमलेंदू साहू प्रकरणानंतर क्लेम शून्यावर आणण्याऐवजी 'नॉन-स्टँडर्ड' (म्हणजे अटीचा भंग असूनही काही अंशी देण्याजोगा) धरून ७५ टक्क्यांपर्यंत देण्याची वाट आहे. तुमच्या आकड्यात ते १,७८,५०० रुपये होतात. तडजोडीची बोलणी निघालीच तर हा आकडा डोक्यात असू द्या, तोंडात नको.

तुमची पॉलिसीही एकदा नीट वाचा. वाहनाच्या नुकसानीच्या पहिल्याच भागात आग, स्फोट आणि आपोआप पेट घेणं ही कारणं स्पष्ट लिहिलेली असतात. नुसता विद्युत बिघाड झाला तर भरपाई नाही, हेही पुढे असतं, पण बिघाडातून आग लागून गाडी जळाली तर ते आगीचं नुकसान. अपवादाच्या अटीवर बोट ठेवणाऱ्या कंपनीने तो अपवाद सिद्धही करायचा असतो. इन्व्हर्टरची स्वतःची किंमत मात्र विसरा. जादा विद्युत उपकरणांसाठी आयएमटी २४ नावाची वेगळी जोड घ्यावी लागते, किमतीच्या सुमारे ४ टक्के हप्ता भरून. ती तुमच्या पॉलिसीत नाही. कॅमेऱ्याचं सामानही मोटार पॉलिसीत येत नाही.

आता स्विचबद्दल. तुमच्या मूळ पत्रात 'स्विच बंद होता' हे तीनदा आलंय आणि तुम्हाला तो हुकमी एक्का वाटतोय. तो स्विच इन्व्हर्टरवर आहे. बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर स्विच बंद असला तरी जिवंतच असते. १,००० वॉट १२ व्होल्टवर घ्यायचे म्हणजे ८३ अँपिअर, इन्व्हर्टरची गळती धरली तर शंभराच्या आसपास. एवढ्या प्रवाहाला जाड केबल लागते आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर फ्यूज लागतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत लाल वायर बोरच्या मोटारीला वापरतात तसली आहे, थेट बॅटरीच्या क्लॅम्पखाली पिळलेली, आणि फ्यूज कुठेच दिसत नाही. तिसऱ्या फोटोत इन्व्हर्टरचा स्टिकर अजून वाचता येतो, पंख्याची जाळी शाबूत आहे. म्हणजे इन्व्हर्टर पेटला नाही, हे तुमच्या बाजूचं. पाचव्या फोटोत ड्रायव्हरच्या सीटच्या रेलखाली तीच लाल वायर उघडी पडलीय आणि टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा तांब्याचा मणी झालाय. तिथे ठिणगी उडालीय हे नक्की. पण मण्यामुळे आग लागली की आगीत आवरण जळाल्यावर जिवंत वायर रेलला टेकून मणी झाला, हे नुसत्या फोटोवरून कुणी सांगू शकत नाही. विनाफ्यूजच्या वायरीत दोन्ही होऊ शकतं.

म्हणून स्विचची गोष्ट लेखी दाव्यात ठळक मांडू नका. त्यातून कंपनी म्हणेल, मग वायरच पेटली, आणि गाडी सुरक्षित ठेवण्याची 'वाजवी काळजी' तुम्ही घेतली नाही. त्याला माझं उत्तर तयार आहे : काम पैसे देऊन धंदेवाईक फिटरकडून करून घेतलं, फ्यूज नाही हे ग्राहकाला कसं कळणार, आणि साध्या हलगर्जीपणासाठीच तर माणूस विमा काढतो. पण त्याहून सोपी गोष्ट अशी, की नामंजुरीच्या पत्रात वाजवी काळजीचा शब्दही नाही. पत्रात न घेतलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात सांगितलंय. खाजगी गाडी धंद्याला वापरली, हा मुद्दाही त्यामुळे बाहेरच राहतो. तुम्हीच पत्रापाठोपाठ पत्र पाठवून त्यांना नवी कारणं पुरवू नका. आमच्याकडे अर्धे क्लेम अशिलांच्या जास्तीच्या पत्रांनी बिघडतात.

एकच पत्र पाठवा, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. निर्णयाचा फेरविचार मागा आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. अहवाल म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. आगीचं कारण त्यात 'इन्व्हर्टर' एवढंच लिहिलं असेल तर ते खोडता येतं. महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला, की पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील चालत नाही (हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय), नकारापासून एक वर्षाची मुदत. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. रक्कम पटली नाही तर नाकारून ग्राहक आयोगात जाता येतं. उलटा प्रवास मात्र होत नाही. आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल ते घेत नाहीत.

फिटरचं काय? त्याला लोकपालांपुढे ओढता येत नाही. त्याच्याविरुद्ध सदोष सेवेची तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करावी लागेल, आगीपासून दोन वर्षांच्या आत. पक्कं बिल नाही म्हणून हातपाय गाळू नका. १,८०० रुपयांचं ऑनलाइन पेमेंट आणि त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला 'फिटिंग झालं, गाडी घेऊन जा' हा मेसेज माझ्या दृष्टीने बिलाइतकाच चांगला. शूटिंग हा धंदा असला तरी स्वतःच्या पोटापाण्याचा स्वयंरोजगार आहे, तेव्हा कायद्यात तुम्ही 'ग्राहक'च. पाच लाखांपर्यंत मोबदल्याच्या (म्हणजे तुम्ही मोजलेल्या पैशांच्या) प्रकरणात फी लागत नाही आणि तक्रार ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. माझा कल आधी लोकपाल, मग गरज पडली तर कंपनी आणि फिटर दोघांना एकाच तक्रारीत घेण्याकडे आहे. फक्त लोकपालांकडे तारीख लागेपर्यंत आयोगाची दोन वर्षं थांबत नाहीत, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि आजच्या आज एक काम करा. गाडी अजून अंगणात ताडपत्रीखाली आहे असं लिहिलंय, तर ती भंगारवाल्याला दाखवूही नका. वायर उपसू नका. चार्टर्ड इंजिनिअरला किंवा सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्युत विभागातल्या एखाद्या जाणकाराला बोलावून आग कुठून सुरू झाली यावर लेखी मत घ्या, त्यांच्यासमोर तो मणी असलेला तुकडा कापून पिशवीत सीलबंद करा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या आणि तारीख घ्या. काढलेली सीट घरात कुठे पडली असेल तर तीही तशीच राहू द्या. तिचा एक फोटो काढून मला पाठवा.