ताटातलं विचारा : शाकाहारी व्हायचंय, पण नक्की कशासाठी?

ताई नमस्कार. मी २६ वर्षांची, माहेर रत्नागिरीजवळचं, नोकरी पुण्यात. घरी आठवड्यातनं तीन-चार दिवस मासे, रविवारी कोंबडी, बाकी सोमवार-गुरुवार काय तो वरणभात. गेले काही महिने मला हे सगळंच सोडावंसं वाटतंय. चिकनच्या दुकानासमोरून गेलं की कसंतरीच होतं, रूममेट म्हणते पर्यावरणासाठी पण चांगलं, आणि इन्स्टावर बघते की वजन पण उतरतं. घरी सांगितलं तर आई म्हणाली "कोण शाकाहारी मुलगा बघितलायस का?" आणि भाऊ म्हणतो झाडांना पण जीव असतो. मला धड कारण सांगता येत नाही, मग मीच गप्प बसते. लोक नक्की कशासाठी सोडतात आणि माझं कारण कुठलं म्हणू? – नाव छापू नका, कोथरूड

अगं, तुझ्या आईचा प्रश्न वाचून मी आधी हसून घेतलं. पण खरं सांगू का, तुझी अडचण भावाची नाही नि आईचीही नाही. तू एका पत्रात तीन कारणं कोंबलीयस आणि तिन्हींची ताटं वेगवेगळी होतात, ती आधी सुटी कर.

वजनाचं तर सोडूनच दे. वडापाव शाकाहारी, साबुदाण्याची खिचडी शाकाहारी, तुपात लडबडलेला शिरा पण शाकाहारीच. मांसाहार सोडून लोकांची वजनं वाढलेली मी बघितलीत, कारण ताटातनं मासा गेला आणि त्याच्या जागी दुसरी पोळी आणि फरसाण आलं. आता तब्येतीचं म्हणून जे सारखं फॉरवर्ड होतं ना, मांसाने कॅन्सर होतो वगैरे, त्याच्यामागे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली केलेलं वर्गीकरण आहे. त्यात सॉसेज, बेकन, सलामी असलं टिकवलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे पुरावा पक्का, आणि मटण-बीफसारखं लाल मांस 'बहुधा' वाल्या गटात. कोंबडी आणि मासे त्या यादीत नाहीतच. म्हणजे आईच्या हातच्या बांगड्याच्या तिखल्याला तू तब्येतीच्या नावाखाली नाही म्हणालीस तर ती तुला दोन मिनिटांत गप्प करेल, आणि तिचं बरोबर असेल.

पर्यावरणाचं कारण खरं आहे, पण ते रूममेट सांगते तितकं सरळ नाहीये. २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, ११९ देशांमधल्या अडतीस हजारांहून जास्त शेतांची माहिती एकत्र केलेली. एक किलो अन्नामागे किती हरितगृह वायू सुटतात या हिशोबात बीफ सगळ्यात वर, मेंढीचं मांस पण बरंच वर, आणि चीजचा किलोमागचा आकडा कोंबडीच्या दुपटीहून जास्त! वाटाणा वगैरे एकदम तळाला. जगभरची सरासरी आहे ती, आपल्याकडे माळरानावर चरणारी शेळी आणि तिकडचं फार्म एकाच मापाने मोजता येत नाही, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लावत बसू नकोस. पण एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं आणि ते दूध देणाऱ्या म्हशीला चारा, पाणी, खुराक लागतो हे तर आपल्यालाही दिसतंच की. त्यामुळे पर्यावरणासाठी म्हणून मटण सोडून रोज पनीर बटर मसाला हाणत असशील तर रूममेटला म्हणावं पुन्हा हिशोब कर.

आणि यातली खरी गोची बघ. पर्यावरणाच्या हिशोबाने मटणापेक्षा कोंबडी बरी. पण जीवांच्या हिशोबाने उलटं! एका बोकडाचं दहा-बारा किलो मटण पडतं, एका ब्रॉयलर कोंबडीचं सव्वा-दीड किलो, म्हणजे तेवढ्याच मांसासाठी एक जीव सोडून सात-आठ जीव गेले. म्हणून म्हणते कारण आधी ठरव, काय सोडायचं ते त्यावरून ठरतं.

तुझं कारण मला विचारशील तर ते तू स्वतःच लिहिलंयस, चिकनच्या दुकानासमोरून जाताना कसंतरी होतं म्हणून. ते दुकान सगळ्यांनी बघितलेलं असतं, फक्त आपण मोबाईलमध्ये बघत उभे राहतो. जाळीच्या पिंजऱ्यात एकमेकींवर चढलेल्या पांढऱ्या कोंबड्या, दुकानदार हात घालून पायाला धरून एक ओढतो, उलटी टांगून काट्यावर टाकतो, "एक आठशे भरली, चालेल का?" विचारतो, आणि मग मागच्या निळ्या ड्रममधनं धडधड आवाज येतो आणि थोड्या वेळाने थांबतो. ती कोंबडी तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांची असते. हे बघून ज्याला नको वाटतं त्याचं कारण पुरेसं आहे, त्याला आणखी कॅन्सरची नि कार्बनची टेकू लावायची गरज नाही.

फक्त त्या कारणाच्या मागे गेलीस की ते मटणापाशी थांबत नाही हे आत्ताच सांगून ठेवते. अंडी देणाऱ्या जातीतली नर पिल्लं अंडी देत नाहीत आणि मांसालाही परवडत नाहीत, त्यामुळे हॅचरीतच त्यांची विल्हेवाट लागते. दुधाचं पण तेच, म्हशीला पारडी झाली तर घरात आनंद, नर रेडकू झालं तर ते फार दिवस गोठ्यात दिसत नाही, गावाकडच्या कुणालाही विचार. काही लोक इथून पुढे व्हीगन होतात, म्हणजे दूध-अंडी पण सोडतात, काही दूध-दही ठेवतात आणि अंडं सोडतात. तू कुठे थांबायचं ते तू ठरव, कुणी कोपऱ्यात पकडून "मग दूध कसं पितेस" विचारलं तर "तिथपर्यंत अजून गेले नाही" एवढं म्हणायला हरकत नाही.

माशांचं मात्र तुझ्या घरी सगळ्यात अवघड जाणार. मासा ओरडत नाही, त्याला डोळ्यांच्या पापण्या नाहीत, त्यामुळे भल्याभल्यांची दया किनाऱ्यापाशी थांबते. ज्यांना समुद्राची काळजी आहे ते मधला रस्ता काढतात. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते कारण तो बऱ्याच माशांचा अंडी घालायचा काळ, पण त्यानंतर तळहाताएवढी पापलेटं बाजारात येतात आणि आपण ती "स्वस्त मिळाली" म्हणून घेतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा केलं ते कौतुकापेक्षा काळजीनेच. म्हणून काही जण मासे सोडत नाहीत, पिल्लं घेणं सोडतात. तुझ्या कारणाला ते पुरणार नाही बहुतेक, पण ऐकून ठेव.

आता भाऊ. झाडांना जीव असतो हे मान्यच कर, जगदीशचंद्र बोसांपासून ते आपण शाळेत शिकलोय. मग त्याला विचार की कोंबडी काय खाऊन वाढली? मका आणि सोयाबीनची पेंड. एक किलो वजन धरायला ब्रॉयलरला दीड-पावणेदोन किलो खाद्य लागतं, आणि त्या किलोतलीसुद्धा पिसं-हाडं-आतडी जाऊन उरतं ते मांस. म्हणजे झाडांची एवढी माया असेल तर त्यानेच आधी शाकाहारी व्हायला पाहिजे. हे एकदाच बोल आणि विषय सोड, जेवताना वाद घालून आजवर कुणी कुणाचं ताट बदललेलं नाही.

आईशी तर वादच नको. तिला तुझं शाकाहारी होणं म्हणजे "तुझ्या हातचं नको" असं ऐकू येतंय, म्हणून तो मुलाचा प्रश्न. तिच्याच वाटपातलं काळ्या वाटाण्याचं सांबार माग, वालाचं बिरडं माग, कुळथाची पिठी, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, अळूचं फदफदं. कोकणात शाकाहाराची चंगळ आहे आणि ती करणारी तुझ्या घरात आहे. आणि सुट्टीला जाशील तेव्हा तळणाच्या वासाने तोंडाला पाणी सुटेल, सुटू दे. चव आवडत नाही म्हणून थोडीच सोडतेयस.

एक आठवलं म्हणून सांगते. गांधीजी १८८८ ला विलायतेला गेले तेव्हा आईला दिलेलं वचन म्हणून मांस खात नव्हते, मनातून त्यांना वाटायचं की खाल्लं पाहिजे. लंडनमध्ये शाकाहारावरचं वाचल्यावर त्यांना ते पटलं, आणि मग ते तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कमिटीवरच जाऊन बसले. म्हणजे जन्माने शाकाहारी असलेल्यालाही कारण नंतर स्वतःचं शोधावं लागलं. तुला तर आधीच सापडलंय.

ताई, मी ५४ वर्षांचा, बार्शी तालुका. दोन वर्षांपूर्वी आषाढीला पंढरपुरात माळ घातली, तेव्हापासून मटण-अंडी सगळं बंद, मन प्रसन्न आहे. पण अलीकडे पायाला मुंग्या येतात, दम लागतो. घरचे म्हणतात माळेनं ताकद गेली, काढा आता. शुगरची गोळी चालू आहे. – एक माळकरी

दादा, माळ काढायचं काही कारण नाही, पण रक्त तपासायचं कारण नक्की आहे आणि ते या आठवड्यातच करा, उन्हाळा संपू दे, पेरणी होऊ दे असलं नको. बी-१२ आणि हिमोग्लोबिन दोन्ही बघा. बी-१२ हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात, झाडपाल्यात ते नसतं, दूध-दह्यात थोडं असतं. शरीर यकृतात त्याचा साठा ठेवतं म्हणून आज मटण सोडलं नि उद्या त्रास असं होत नाही, तो साठा हळूहळू उतरतो आणि मग मुंग्या, थकवा, जीभ लाल होणं सुरू होतं. शिवाय शुगरवरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली तरी बी-१२ कमी होतं, म्हणजे तुमच्या बाबतीत दोष एकट्या माळेचा नसणारच कदाचित. आणि शुगरने पण पायाला मुंग्या येतात, म्हणून अंदाजाने मेडिकलमधून काहीतरी आणून खाऊ नका, आणि शुगरची गोळी स्वतःच्या मनाने बंद तर अजिबात करू नका, डॉक्टरला दाखवा.

इंजेक्शन किंवा गोळी चालते का असं मनात येईल तर, बी-१२ कारखान्यात जिवाणूंपासूनच आंबवून काढतात, जनावरापासून नाही. कॅप्सूल असेल तर तिचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं, औषधावर हिरवा ठिपका असेलच असं नाही, म्हणून साधी गोळी मागा. इडली-ताकाने बी-१२ भरून निघतं असं कुणी सांगेल, त्यावर विसंबू नका.

ताकदीचं म्हणाल तर आपली भाकरी-आमटीची जोडी मुळात चांगली, ज्वारीत जे प्रथिन कमी पडतं ते डाळ भरून काढते. पण पातळ आमटीच्या वाटीत डाळ किती असते हो, तळाला! आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत बावीसच्या आसपास. तेव्हा घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, रोज वाटीभर दही हे सगळं लागेल. उसळीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं, आणि जेवल्या जेवल्या चहा घेत असाल तर तो तासभर पुढे ढकला, तो लोह अडवतो. पुढच्या आषाढीआधी रिपोर्ट काय आला ते कळवा.

आमच्या सोसायटीत आता भाडेकरू "शुद्ध शाकाहारीच" पाहिजे असं ठरवायचं चाललंय. मी स्वतः शाकाहारी आहे, तरी पटत नाहीये. चूक आहे का माझं? – ठाणे

नाही. २०१४ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या साधारण ४० टक्के लोकांनी आपण शाकाहारी असं सांगितलं, म्हणजे उरलेले साठ टक्के आपलेच शेजारी. आणि स्पष्टच बोलायचं तर या अटीत कोंबडीची दया कमी आणि आडनाव गाळायची सोय जास्त असते, हे सगळ्यांना माहीत असतं, मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. तुम्ही बोला. कचरा नीट बांधून टाका हा नियम करा, तो सगळ्यांना लागू, वांग्याच्या सालीला पण.

मी म्युनिकला शिकायला आलोय, घरी शाकाहारी. इथे हिरवा ठिपका नसतो, चीज चालतं ना? – आदित्य

सगळं नाही चालत रे. दूध फाडायला वापरतात ते रेनेट पारंपरिक पद्धतीत वासराच्या पोटातनं काढलेलं असतं. पार्मेजानो रेज्जानोला तर नियमानेच तेच लागतं, त्यामुळे पास्त्यावर भुरभुरवतात ते सोड. पाकिटावर 'मिक्रोबिएलेस लाब' लिहिलेलं असेल तर चालेल, ते जनावराचं नसतं. व्ही-लेबल नावाचं पिवळं-हिरवं चिन्ह असतं ते बघत जा, त्यात शाकाहारी आणि व्हीगन असे दोन प्रकार आहेत, खाली लिहिलेलं असतं. गमी बेअर बहुतेक जिलेटिनचीच, काही दह्यांमध्ये पण 'गेलाटिने' घातलेलं असतं, सामग्रीची यादी वाचूनच उचल. आणि आईला सांग मेतकूट पाठवायला, ते कस्टममध्ये अडवत नाहीत सहसा.