ख्रिस्ती माणसाची उपकारस्तुती रोजच्या जगण्यात दिसावी कशी?

तुम्ही विचारलंय: गाडीवर क्रूस आहे, दारावर वचनाची पाटी आहे, रोज सकाळी व्हॉट्सॲपवर वचन जातं, तरी कृतज्ञता दिसते असं वाटत नाही, मग काय करावं? क्रूस राहू द्या. पण उपकारस्तुती पाटीवर नाही, अर्पणाच्या टोपलीत दिसते.

टोपलीचंच आधी सांगतो, कारण नाशकात हेळसांड होते ती इथेच. सुगीच्या उपासनेला वेदीपुढे द्राक्षं येतात, आणि कितीदा तरी ती व्यापाऱ्याने नाकारून बाजूला काढलेली असतात. वर उत्तर तयार: "देव मन बघतो, माल नाही." मला हे मुळीच मान्य नाही. मलाखीच्या पहिल्याच अध्यायात आंधळी-लंगडी जनावरं अर्पणाला आणणाऱ्यांना देव सुनावतो: हीच भेट तुमच्या अधिकाऱ्याला नेऊन दाखवा, तो खूश होईल का?

अर्पण पहिल्या तोड्यातलं हवं. ऑक्टोबर छाटणीची थॉमसन जातीची द्राक्षबाग साधारण 120 ते 130 दिवसांनी तोडणीला येते. तुमच्या चर्चचा सुगीचा सण डिसेंबरच्या आत असेल तर भात, बाजरी, लाल कांदा न्या, आणि द्राक्षं बाग तयार होईल त्या रविवारी. पाळकांना आदल्या दिवशी फोन केला की झालं. तोडण्याआधी गोडी मोजा. 18 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) खाली असेल तर थांबा, कारण वेलीवरून उतरलेलं द्राक्ष पुढे पिकत नाही. शेवटच्या फवारणीचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणीनंतर तोडणीआधी थांबायचे दिवस, संपला नसेल तर त्या ओळीला हातही लावू नका. उपासना सुटली की पोरं ती द्राक्षं तिथेच खातात.

सकाळी दव सुकल्यावर कात्रीने तोडा आणि घड देठालाच धरा. मण्याला बोट लागलं की वरचा पांढुरका मेणचट थर पुसतो आणि बोटाचा ठसा चकचकीत उठून दिसतो. फुटका मणी कात्रीच्या टोकाने काढून टाका, नाहीतर त्याचा रस शेजारच्या मण्यांना लागून घड आंबायला लागतो. धुवू नका. टोपलीत खाली कागद, वर घडांचा एकच थर, देठ वरच्या बाजूला. दोन किलो पुष्कळ झाली. उपासनेनंतर अर्पणाचा लिलाव झाला तर आपलीच टोपली आपणच कमी बोलीत सोडवून नेऊ नका.

तोडणारे हातही यातच आले. रात्रभर मजुराची मजुरी अडवू नये, असं लेवीयच्या 19व्या अध्यायात आहे. विरळणीला, डिपिंगला (घड औषधाच्या द्रावणात बुडवायला) पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांचा हिशेब शनिवारी संध्याकाळीच चुकता करा, रविवारी उपासनेहून आल्यावर नाही. 1850च्या दशकात मिशनने वसवलेल्या नाशकातल्या शरणपुरात गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना हातांची कामंही शिकवली जायची. आपल्या गावात भक्तीला अशी हातांनी करायची कामं पहिल्यापासून जोडलेली आहेत.

सातपूर-अंबडच्या कंपनीत असाल तर जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी मान खाली घाला, दहा सेकंद, मनातल्या मनात. सगळ्या टेबलाला ताटकळत ठेवू नका. आणि घरी गेल्यावर ज्याने डबा भरला त्यालाही तोंडाने सांगा, कारण देवाचे उपकार मानायचे आणि भाकरी थापणाऱ्याला एक शब्द नाही, हे जमत नाही.

हे सगळं मी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या रिवाजावरून लिहिलंय. नाशिकरोडला बाळ येशूच्या कॅथलिक यात्रेला नवस फेडायला जाणाऱ्यांची रीत वेगळी आहे, आणि तीही उपकारस्तुतीच आहे. मत्तयच्या 6व्या अध्यायात दान गुप्तपणे द्यायला सांगितलंय, म्हणून टोपलीवर नावाची चिठ्ठी नको.

बाग नसेल तर पगार खात्यात आला त्याच दिवशी अर्पणाचं पाकीट भरून बायबलमध्ये ठेवा. किराणा आणि हप्ते त्यानंतर.