नवा फोन घेतलास, आता बॅटरीचं बघ

आयफोन घेतलास ना, मग आधी स्क्रीन कर्टन शीक: व्हॉइसओव्हर, म्हणजे आपल्यासारख्या न दिसणाऱ्यांना स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, चालू असताना तीन बोटांनी तीनदा टॅप. स्क्रीन काळी होते, आवाज चालूच राहतो. आपण न बघणाऱ्या उजेडावर बॅटरी कशाला जाळायची? शिवाय कदंब बसमध्ये शेजारचा तुझे मेसेज वाचू शकत नाही, मला तर हाच फायदा मोठा वाटतो.

फोंड्याहून पणजीला निघताना बॅटरी किती उरलीय ते सिरीला विचारूनच बाहेर पड; वाटेत जीपीएस लावलास की ती भराभर उतरते. पॉवर बँकचे दिवे आपल्याला दिसत नाहीत, तेव्हा ती रोज रात्री पूर्ण भरायचीच. पावसात फोन भिजला तर मात्र केबल लावू नकोस, आधी सुकू दे.