आधी तू बोल, मग त्याला बोलू दे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

धडा चॅटबॉटला द्यायचा, सारांश काढून घ्यायचा, तो दोनदा वाचायचा, की झाला अभ्यास, असं तू लिहिलंयस. आणि चार दिवसांनी काही आठवत नाही, अशी तक्रारही केलीयस. तुझ्या स्मरणशक्तीला काहीही झालेलं नाही. महत्त्वाचं काय, सोडायचं काय, कशाचा कशाशी संबंध, ही डोकेफोड तू करायची होतीस. ती त्याने केली.

वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण ते 'येतंय' असं धरून चालतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे देऊन पाहिलं. एका गटाने उतारा चारही सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो फक्त पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे, 'मला आठवड्याने हे आठवेल' ही खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती!

चॅटबॉटच्या बाबतीतही असंच काहीसं दिसलं. तुर्कस्तानात एका हायस्कूलमधल्या जवळजवळ हजार मुलांना गणिताच्या सरावासाठी तो देऊन पाहिला. ज्यांना तो मोकळा दिला, त्यांचा सराव ४८ टक्क्यांनी सुधारला. पण त्याच्याशिवाय परीक्षा घेतल्यावर ती मुलं, ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता फक्त इशारे देणारा चॅटबॉट ज्यांना मिळाला, त्यांचं हे नुकसान बरंचसं टळलं. तीही इतरांच्या पुढे गेली नाहीत, हे मात्र विसरू नकोस. त्यामुळे 'वापरलं की हुशार' असं काही मी तुला सांगणार नाही.

मग वापरायचं कसं? पुस्तक मिट आणि त्याला लिही: 'समुद्राच्या भरती-ओहोटीवर मला एकेक प्रश्न विचार. उत्तर सांगू नकोस. माझ्या उत्तरात काय सुटलं तेवढंच दाखव.' तो विचारेल, भरती का येते? तू लिहिशील, चंद्र पाणी ओढतो म्हणून. यावर त्याने विचारावं, 'मग पृथ्वीच्या चंद्राकडे नसलेल्या बाजूलाही त्याच वेळी भरती का असते?' इथे तू अडकशील. अडकलास की लगेच 'सांग ना' लिहू नकोस. थांब, कागदावर आकृती काढ, चुकीचं का होईना पण काहीतरी उत्तर दे. चंद्राची ओढ जवळच्या बाजूला जास्त, पृथ्वीच्या मध्याशी थोडी कमी आणि पलीकडे आणखी कमी असते, आणि भरती या फरकामुळे येते, हे धडपडून हाती लागलं की सहसा निसटत नाही.

चार-पाच प्रश्नांनंतर तो तुझी सूचना विसरून उत्तरं ओतायला लागेल. पुन्हा बजावून सांग. दुसरी खोड म्हणजे तो भिडस्त आहे. अर्धवट उत्तरालाही 'अगदी बरोबर' म्हणतो. म्हणून 'बरोबर आहे का?' असं विचारण्यापेक्षा 'यातली सगळ्यात कच्ची जागा कोणती?' असं विचार. शिवाय तो ठासून चुकीचंही सांगतो. सनावळ्या, सूत्रं आणि संदर्भ पुस्तकातूनच ताडून घे. धड्याचा मजकूर देऊन 'यातलेच प्रश्न विचार' म्हटलं तर ही भानगड कमी होते, संपत नाही.

राहिला विसरण्याचा प्रश्न. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक शब्दखंड स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या काही तासांतच बरंच निसटतं आणि मग घसरण मंदावते. म्हणून एकाच रात्री चॅटबॉटशी तीन तास बोलण्यापेक्षा तोच वेळ वेगवेगळ्या दिवसांत वाटून घे. तारखा मात्र तुलाच सांभाळाव्या लागतील, त्याच्यावर विसंबू नकोस. एक साधी वही कर. चुकलेला प्रश्न डाव्या पानावर लिही, उत्तर उजव्या पानावर, तुझ्या शब्दांत आणि तुझ्या हाताने. उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने उजवं पान झाकून बघ. जे पुन्हा चुकेल, तेवढंच चॅटबॉटकडे ने.

जो विषय तुला मुळीच कळलेला नाही, तिथे मात्र खुशाल त्याच्याकडून समजावून घे. तीनदा विचार, वेगवेगळी उदाहरणं माग, त्यात लाज कसली? फक्त त्यानंतर चॅटबॉट बंद करून तेच कुणाला तरी सांगून बघ. घरात कुणी ऐकायला नसेल तर मला फोन कर. भौतिकशास्त्रात मी कच्चाच आहे, तेव्हा प्रश्न भरपूर विचारीन.

तुझा,
काका