चार ते सात लेक एकटी असते, फोन देऊ का?

डोंबिवलीहून एका आईने लिहिलंय. लेक आठ वर्षांची, तिसरीत. आजी होत्या तोवर काळजी नव्हती, पण आता त्या सांगलीला गेल्यात. शाळेची रिक्षा साडेबाराला सोडते, जेवण शेजारच्या काकूंकडे होतं. चारला काकू शिकवणीला जातात आणि आई ठाण्याहून सातला पोचते. लेकीला बटणांचा साधा फोन द्यावा असं आईला वाटतं. नवरा म्हणतो, स्मार्टफोनच घेऊ, लोकेशन तरी दिसेल. आजी म्हणतात, एवढ्याशा पोरीला फोन कशाला?

अगं, साधाच फोन घे आणि बिनधास्त घे. चार ते सात ती घरातच असते, मग लोकेशन बघून तुम्हाला कळणार काय? स्मार्टफोन मात्र ते तीन तास रोज तिच्या हातात राहील, आणि 'पुरे आता' म्हणायला घरात कुणी नसेल. हे नवऱ्याला शांतपणे सांग, त्याची काळजीही खोटी नाही.

घेताना बघून घे. बटणांच्या काही फोनवरही यूट्यूब चालतं, तो नको. सिम तुझ्याच नावावर घ्यावं लागेल, कारण १८ वर्षांखालच्या मुलांना ते मिळत नाही. ट्राय म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना नुसत्या कॉल-मेसेजचे रिचार्ज ठेवायला सांगितलंय. तेच माग, दुकानदार नेटचा पॅक पुढे करेल तरी.

स्पीड डायलला २ वर तू, ३ वर बाबा, ४ वर आजी. ५ आणि ९ मोकळे ठेव. सरकारच्या २०१६ च्या नियमाप्रमाणे साध्या फोनमध्ये संकटाच्या कॉलसाठी यांतलं एक बटण असतं. तुमच्या फोनमध्ये ते कोणतं, हे दुकानातच विचारून घे. संकटात लावायचा ११२ आणि मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हे नंबर तिला तोंडपाठ हवेत. तुझा नंबरही. हल्ली मुलांना आईचा नंबर येत नाही, कारण तो कुणी पाठच करून घेत नाही. फोन बंद पडला तर खालच्या वाण्याच्या फोनवरून तिला तुला गाठता आलं पाहिजे.

फोन घरातच राहू दे, चार्जरजवळ, ठरलेल्या जागी, दप्तरात नको. नाव दिसलं तरच उचलायचा. 'आईला लागलंय, दार उघड' असं कुणी म्हणालं, तर दार न उघडता आधी तुला किंवा बाबांना फोन. हे दोन-तीनदा खोटं खोटं खेळून घ्या, नुसतं सांगून मुलांच्या लक्षात राहत नाही. आणि तू दर अर्ध्या तासाला फोन करू नकोस गं. चारला एक, गाडीत बसलीस की एक. सतत वाजणाऱ्या फोनने मूल उलट घाबरतं.

आता मला जे खरंच टोचलं ते. आठ वर्षांचं मूल रोज तीन तास एकटं, हे फोनने भागणारं नाही. गॅस, गॅलरी, अचानक चढलेला ताप, यांत फोन फक्त तुझ्यापर्यंत निरोप पोचवेल, आणि तू ठाण्यात असशील. जुलैत गाड्या रखडल्या की सातचे नऊही होतात. तेव्हा माणूसच लागतं. बरीच पाळणाघरं शाळेतल्या मुलांनाही दुपारनंतर ठेवून घेतात, तिथे चौकशी कर. नाहीतर इमारतीतल्या एखाद्या आईला रीतसर पैसे देऊन विचार. मदत मागताना जीभ जड होते, ठाऊक आहे मला. तरी विचार. ती सोय होईपर्यंत आजींना रोज साडेपाचला फोन करायला सांग. नातीचा अभ्यास फोनवर घेतील, आणि त्यांचा विरोधही बराचसा मावळेल.